झुरळ कुणाचं?

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातली गोष्ट आहे. चौथीचा वर्ग, दुसरी तासिका, गणित. बाहेर पाऊस चालू होता आणि मी फळ्यावर भागाकाराची उदाहरणं लिहीत होते. मागून एकदम "ईऽऽ" असा आवाज आला. वळून बघते तर अर्धा वर्ग उभा.

एका मुलाने वही काढायला दप्तर उघडलं आणि वहीबरोबर एक झुरळ बाहेर आलं. बस्करपट्टीवरून ते सरळ मुलींच्या रांगेत गेलं. दोघी-तिघी किंचाळल्या, एकजण व्हरांड्यातून चप्पल आणायला पळाला, शेवटी कुणीतरी वहीनेच ते मारलं. मग सगळा वर्ग हसायला लागला. त्या गोंधळात मागून कुणीतरी ओरडलं, "झुरळ्या!"

मी काय केलं? "शांत बसा" म्हटलं. आणि त्या मुलाकडे बघून, सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "अरे, दप्तर जरा घरून झाडून आणत जा. आईला सांग." तो काहीच बोलला नाही. मान खाली घालून वही उघडून बसला. मी परत भागाकाराकडे वळले.

त्या वेळी मला यात काही चुकलं असं वाटलंच नाही. स्वच्छतेची सवय लावणं हे आपलं कामच आहे ना. मुलाला चारचौघांत कमीपणा येईल असं बोलू नये, हे मी डी.एड.ला असताना पेपरात पानभर लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते. पण पेपरात लिहिणं आणि तीस मुलांच्या कलकलाटात ते आठवणं, यात फरक आहे.

आता दुसरी बाजू सांगते. त्याच दिवशी संध्याकाळी घरी आले तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "काय गं, तुमच्याकडे झुरळं झालीत का?" मी पटकन म्हणाले, "नाही हो काकू, आमच्याकडे नाहीत."

हे धडधडीत खोटं होतं. आमच्याकडे झुरळं होती. एक-दोन नव्हे, भरपूर होती. रात्री पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरातला दिवा लावला की शेगडीखालून, मिक्सरच्या मागून, ट्रॉलीच्या फटीतून ती सैरावैरा पळायची. चार महिने हेच चाललं होतं. पाहुणे मुक्कामाला येणार म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. मी रोज ओटा घासत होते, भांडी रात्रीची रात्री धुवत होते, तरी ती होतीच. आणि तरीही काकूंना "आहेत" असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. झुरळं आहेत म्हणजे बाई घाणेरडी, असं लोक म्हणतील ही भीती. सकाळी वर्गात मी त्या मुलाच्या आईबद्दल नेमकं हेच सुचवलं होतं. पण हा संबंध मला त्या दिवशी जोडता आला नाही.

बुधवारी तो मुलगा आला तो दप्तर न घेता. प्लास्टिकच्या पिशवीत दोन वह्या आणि एक पेन. बस्करपट्टीवर त्याच्या शेजारची जागा रिकामी. नेहमी त्याच्याजवळ बसणारा मित्र दोन हात सरकून बसला होता. जेवणाच्या सुट्टीतही तो एकटाच. गुरुवारी तसंच. शुक्रवारी तो आलाच नाही. मी हजेरीत "गैरहजर" मांडलं आणि पावसामुळे आला नसेल असं स्वतःला सांगितलं.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी माझ्या घरी जे झालं त्याने मात्र माझी झोप उडाली. झुरळांसाठी आम्ही तो औषधी खडू आणला होता. ओट्याच्या कडेने, दाराच्या चौकटीत रेघा मारायचा तो. मी चपात्या लाटत होते. मागे बघितलं तर माझी साडेतीन वर्षांची मुलगी फरशीवर बसून गिरगिटा काढतेय. "आई, मी पण शाळा शाळा खेळते." हातात तोच खडू. ओट्यावर विसरलेला. बोटं पांढरी झालेली आणि एक बोट तोंडाजवळ.

मी ओरडले. ती घाबरून रडायला लागली. साबणाने हात-तोंड धुतलं, कपडे बदलले, मिस्टरांनी डॉक्टरांना फोन केला. सुदैवाने पोटात काही गेलं नव्हतं. पण रात्रभर मी तिच्याजवळ जागी होते. मी शिक्षिका. माझ्या पर्समध्ये, ड्रॉवरमध्ये, टेबलावर, सगळीकडे खडू असतात. माझ्या मुलीसाठी खडू म्हणजे आईची वस्तू, खेळायची वस्तू. तिला काय माहीत की हा खडू कीटकनाशकाचा आहे? तो दिसायला फळ्यावरच्या खडूसारखाच असतो. पालकांनो, हा खडू घरात असेल तर आत्ता उठून तो उंचावर, बंद डब्यात ठेवा. खरं म्हणजे लहान मूल असलेल्या घरात तो नकोच.

रविवारी आम्ही पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, पाठीला सॅक, हातात टॉर्च. मला वाटलं होतं फवारणी करेल. त्याने आधी ट्रॉलीचे सगळे कप्पे बाहेर काढायला लावले, टॉर्च मारून फटी बघितल्या, फ्रिजची मागची बाजू बघितली. मग सिरिंजसारख्या नळीतून बिजागऱ्यांत, फटींत, कोपऱ्यांत ज्वारीच्या दाण्याएवढे जेलचे ठिपके लावले. म्हणाला, "मॅडम, हे झुरळ लगेच मरत नाही. ते खातं आणि आपल्या फटीत जातं. तिथं मेल्यावर बाकीची त्याची विष्ठा खातात, मेलेलं झुरळ पण खातात, मग ती मरतात. आता याच्यावर स्प्रे मारू नका, फिनाईलने पुसू नका. वास आला की ती जेलकडे फिरकणार नाहीत."

मग त्याने सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथलं भोक दाखवलं. माझा हात आत जाईल एवढं. "इथून डक्टमध्ये रस्ता आहे. तुमची साफ केली तरी वरखालची येणार. खाली-वर कुणाकडं आहेत का?"

मी म्हणाले, "माहीत नाही बाई. खालच्या काकू विचारत होत्या."

तो हसला. "सगळे असंच सांगतात, मॅडम. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाच घरात झुरळं, असं मी अजून तरी बघितलं नाही."

तो गेल्यावर मी खाली काकूंकडे गेले. दारातच सांगितलं, "काकू, परवा मी खोटं बोलले. आमच्याकडे खूप झुरळं आहेत." काकू दोन क्षण बघतच राहिल्या. मग माझा हात धरून आत नेलं आणि सिंकखालचं दार उघडून दाखवलं. म्हणाल्या, "अगं, मी सहा महिने झाले कुणाला घरी बोलावलं नाही."

दोन घरं, एकावर एक, मध्ये एक पाइप. दोघीही कित्येक महिने एकमेकींपासून लपवत होतो आणि झुरळं मात्र आरामात ये-जा करत होती.

सोमवारीही तो मुलगा शाळेत आला नाही. शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. आमची शाळा शहराला लागून असलेल्या गावात आहे, आजूबाजूला कंपन्या आणि कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. एका ओळीत दहा खोल्या, वर पत्रा, मध्ये एकच भिंत. त्यांची खोली कडेची, आणि भिंतीपलीकडे खानावळ.

खोली बघून मला लाज वाटली, स्वतःची. फरशी लख्ख पुसलेली, भांडी ओळीत मांडलेली. दोरीवर ते दप्तर धुऊन वाळत घातलेलं. पावसात ते वाळतच नव्हतं. त्याची आई मला बघून गडबडली. म्हणाली, "मॅडम, चुकी झाली. मी रोज झाडते, पुसते. पण तिकडून खानावळीतनं येत्यात. रात्री दिवा घालवला की भिंतीवर नुसती फिरत्यात. आम्ही काय करावं सांगा?"

ती माझी माफी मागत होती. मी म्हणाले, "ताई, चूक तुमची नाही. मी वर्गात तसं बोलायला नको होतं." मग त्या मुलाकडे वळून म्हणाले, "बाळा, मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. माझ्या घरी पण झुरळं आहेत." त्याला ते खरं वाटलं नाही. आईकडे बघून म्हणाला, "मॅडमच्या घरी कशी असतील?" मी फोनमधला फोटो दाखवला. पेस्ट कंट्रोलवाल्याने ट्रॉलीमागचा कोपरा दाखवला तेव्हा काढलेला. त्याने फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि पहिल्यांदा बोलला, "ही बारकी जात आहे. आमच्याकडं बारकी पण आहेत आणि मोठी लाल पण."

मंगळवारी तो आला. मी ठरवलंच होतं, आज परिसर अभ्यासाच्या तासाला झुरळ हाच विषय. सुरुवातीलाच सांगितलं, "मुलांनो, माझ्या घरी झुरळं आहेत." वर्ग एकदम शांत. मग विचारलं, "अजून कुणाच्या घरी आहेत?" आधी कुणाचाच हात वर होईना. मग एका मुलीने अर्धा हात वर केला. मग दुसरा, तिसरा. शेवटी मोजले तर एकोणीस हात. त्या दिवशीची हजेरी सत्तावीस होती. "झुरळ्या" म्हणून ओरडणाऱ्याचा हातही त्यात होता.

मग आम्ही फळ्यावर दोन रकाने केले, 'बारकं झुरळ' आणि 'मोठं झुरळ'. माहिती मुलांनीच सांगायची, मी फक्त लिहायचं. आणि तो मुलगा, जो एरवी तासाला तोंड उघडत नाही, तो उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, बारक्याची मादी अंड्यांची डबी पाठीमागं घेऊनच फिरते, सोडत नाही. मोठं लाल असतं ना, ते डबी कुठंतरी चिकटवून निघून जातं." मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, उद्या बघून सांगते. घरी जाऊन बघितलं तर तो शंभर टक्के बरोबर होता. बारकं ते जर्मन झुरळ. त्याची मादी पिल्लं बाहेर येण्याच्या वेळेपर्यंत डबी बाळगते आणि एका डबीत तीस ते चाळीस अंडी असतात. मोठं ते अमेरिकन झुरळ. त्याची मादी एक-दोन दिवसांत डबी सुरक्षित जागी चिकटवून ठेवते. पुस्तकात जे आहे ते या मुलाने भिंतीकडे बघून शिकलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, "काल हा बरोबर होता, मला माहीत नव्हतं." मग प्रश्नांची रांगच लागली. चप्पल उचलली की झुरळाला कसं कळतं? त्याच्या शरीराच्या मागच्या टोकाला दोन बारीक शेपट्यांसारखे अवयव असतात, त्यांवरच्या केसांना हवेची हालचाल जाणवते. पांढरं झुरळ वेगळ्या जातीचं असतं का? नाही, ते नुकतीच कात टाकलेलं असतं, काही तासांत परत तपकिरी होतं. झुरळाने काय होतं? ते गटारातून, कचऱ्यातून येतं, जंतू अन्नावर आणतं. त्याची विष्ठा आणि कातीचे कण धुळीत मिसळतात आणि काही मुलांना त्याने दमा, ॲलर्जीचा त्रास वाढतो.

मग एकाने विचारलं, "मॅडम, जर्मन झुरळ जर्मनीतून आलं का?" हा प्रश्न मला फार उपयोगी पडला. 1767 मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'जर्मनिका' असा शब्द घातला. तेव्हापासून ते जर्मन. पण रशियात लोक त्याला 'प्रुसाक' म्हणतात, म्हणजे प्रशियाचा, जर्मनांकडचा. आणि जर्मनीत काही भागांत त्यालाच 'रशियन' म्हणत. ज्याने त्याने शेजाऱ्याचं नाव दिलं! आणि 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचा अभ्यास करून सांगितलं की हे झुरळ मुळात जर्मनीचंही नाही आणि रशियाचंही नाही. सुमारे 2100 वर्षांपूर्वी ते भारत किंवा म्यानमार या भागात तयार झालं आणि माणसांच्या सामानाबरोबर, जहाजांतून जगभर गेलं.

मुलं खूप हसली. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे ते आपलंच आहे!" मी म्हटलं, "हो. आणि सगळे म्हणतात, आमचं नाही, शेजारच्याचं आहे." एवढं बोलून मी थांबले. त्या दिवशीचं नाव काढलं नाही, कुणाला माफी मागायला लावली नाही. चौथीतल्या मुलांना सगळं कळतं.

पुढे सगळं एकदम गोड झालं असं मी म्हणणार नाही. महिनाभराने मैदानावर भांडणात परत "झुरळ्या" ऐकू आलं. पण या वेळी दुसऱ्याच एका मुलाने उत्तर दिलं, "ए, तू पण हात वर केला होतास!" शेजारची जागा मात्र त्याआधीच भरली होती.

आमच्या बिल्डिंगमध्येही बदल झाला. मी आणि काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "आमच्या दोघींच्या घरी झुरळं आहेत, सगळ्यांनी मिळून औषध करू या." अर्धा दिवस कुणी काही बोललं नाही. मग हळूहळू "आमच्याकडे पण थोडी आहेत" असे मेसेज यायला लागले. बारापैकी नऊ घरांनी एकाच दिवशी औषध केलं, डक्टमधला कचरा काढून घेतला. आता झुरळं शून्य नाहीत, पण रात्री दिवा लावताना भीती वाटत नाही.

पालकांना उपयोग होईल म्हणून आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते.

1. आधी पाणी बंद केलं. झुरळ अन्नाशिवाय बरेच दिवस काढतं, पण पाण्याशिवाय फार टिकत नाही. रात्री सिंक कोरडं करायचं, ओलं फडकं ओट्यावर ठेवायचं नाही, गळका नळ दुरुस्त करायचा.

2. पाइपभोवतीची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली, न्हाणीला बारीक जाळी बसवली.

3. पुठ्ठ्याचे खोके घरात साठवणं बंद केलं. किराण्याच्या खोक्यांतून आणि जुन्या वापरलेल्या सामानातूनच झुरळं जास्त करून येतात. रद्दीही महिन्याच्या महिन्याला द्यायची.

4. जेलचे ठिपके मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फटीतच. बोरिक पावडरसुद्धा विषारीच आहे. पिठात कालवून गोळ्या केल्या तर मुलांना त्या खाऊ वाटू शकतात. शेतातलं औषध तर घरात कधीही फवारू नका.

5. औषध एकदा करून थांबू नका. अंड्यांच्या डबीतली पिल्लं त्यातून वाचतात आणि नंतर बाहेर येतात. आम्ही तीन आठवड्यांनी परत केलं.

शाळेतही आम्ही दोन गोष्टी केल्या. पोषण आहाराच्या खोलीतली तांदळाची पोती जमिनीवरून आणि भिंतीपासून लांब, लाकडी फळ्यांवर ठेवली. आणि दर शनिवारी शाळा सुटताना सगळ्यांनी दप्तर पूर्ण रिकामं करून झटकायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. मीसुद्धा माझी पर्स झटकते. पहिल्याच शनिवारी त्यातून खडूचे सात तुकडे आणि एक पार्ले बिस्किटाचा चुरा निघाला, तेव्हा मुलं हसून हसून दमली.

त्या मुलाच्या खोलीचं काय, असं तुम्ही विचाराल. मी मुख्याध्यापकांना घेऊन खोल्यांच्या मालकांना भेटले. खानावळीकडची भिंत त्यांनी गिलावा करून दिली. खानावळवाल्याने औषध केलं की नाही हे मला माहीत नाही. मुलाला विचारलं तर म्हणतो, "कमी झालीत मॅडम, पण मोठी लाल अजून येत्यात." मी त्याला वही दिली आहे. त्यात तो कुठलं झुरळ कुठे दिसलं ते तारखेसह लिहितो. अक्षर अजून गिचमिड आहे, पण तारीख एकही चुकत नाही.

आपल्या वर्गात कधी कुणाच्या दप्तरातून झुरळ निघेल, कुणाच्या केसांत ऊ दिसेल, कुणाच्या कपड्यांना वास येईल. तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं, तेवढं जपा. माझं चुकलं होतं, म्हणून सांगते.